आतलं बाहेर न्यायचं नसतं

तुरुंगात नोकरी केली असं सांगितलं की समोरचा माणूस आधी जरा मागे सरकतो आणि मग खुर्ची पुढे ओढतो. त्याला खून, टोळ्या, पळून जायचे बेत असलं काही ऐकायचं असतं. माझ्याकडे तसलं काही नाही. मी मनोविकारतज्ज्ञ. सरकारी इस्पितळातून आठवड्यातले ठरलेले दिवस तुरुंगात जाऊन कैद्यांना तपासायचं, हे माझं काम. नोकरीच्या शेवटच्या वर्षांत मला एका समितीवर बसवलं. राज्यातल्या तुरुंगांमध्ये मनाच्या आजारांवरचे उपचार कसे असावेत, याची मानकं आम्ही लिहायची होती. बसवलं हा शब्द अगदी योग्य आहे, कारण तिथे बसण्यापलीकडे फारसं काही होत नसे. या दिवाळी अंकाचे संपादक म्हणाले, काहीतरी खुसखुशीत द्या. खुसखुशीत हवं असेल त्यांनी हा अंक बाजूला ठेवून चकलीचा डबा उघडावा.

आमचा तुरुंग पुण्याबाहेर होता. नाव लिहीत नाही, लिहून कुणाचं भलं होणार नाही. सदाशिव पेठेतून रिक्षानं स्वारगेट आणि तिथून एसटी. कंडक्टरला माझा थांबा पाठ झाला होता. "मॅडम, जायचं एकच देऊ का परतीचंही?" असं तो चेहरा सरळ ठेवून विचारायचा. आमच्या इमारतीतले तळमजल्यावरचे काका संध्याकाळी फाटकाशी उभे असायचे. मी दिसले की म्हणायचे, "सोडलं का?" मी म्हणायचे, "चांगल्या वर्तणुकीबद्दल." पुढे पुढे आम्ही दोघंही हसायचं सोडून दिलं, पण प्रश्नोत्तर काही चुकलं नाही.

तुरुंगात वेडे कोण, असं लोक विचारतात. आरडाओरडा करणारा, डोकं आपटणारा माणूस माझ्यापर्यंत आपोआप पोचायचा, कारण त्याचा सगळ्यांना त्रास व्हायचा. अवघड असायचे ते गप्प बसलेले. तुरुंगाला गप्प माणूस फार आवडतो. जो जेवण मागत नाही, भांडत नाही, भिंतीकडे तोंड करून बसतो, त्याच्याबद्दल शिपाई कौतुकानं सांगायचे, "एकदम गरीब माणूस, मॅडम. काही म्हणजे काही त्रास नाही." हे वाक्य ऐकलं की मी हातातला कागद बाजूला ठेवायचे. मी म्हणायचे, त्यालाच आधी आणा.

आत आलेल्या प्रत्येक नव्या कैद्याची मानसिक तपासणी व्हावी, असं आमचं पहिलंच मानक होतं. आता ती तपासणी आधी कशी व्हायची ते सांगते. कैदी रांगेत बसलेले. शिपाई समोर उभा राहून विचारणार, "ए, तुला काय वेडबीड लागलंय का?" मागचे पंचवीस-तीस जण कान टवकारून बसलेले. तो म्हणणार, "नाही साहेब." पुढचा. अशा तऱ्हेनं त्या तुरुंगात वर्षानुवर्षं एकही मनोरुग्ण दाखल झाला नव्हता, आणि तरी माझ्या खोलीबाहेर रांग संपत नव्हती. हा चमत्कार मी समितीला सांगितला तेव्हा एक सदस्य म्हणाले, "म्हणजे तुमच्याकडे गेल्यावर बिघडतात की काय?" पुण्यात असल्या प्रश्नांना उत्तर द्यायचं नसतं. चहा घ्यायचा असतो.

मानक म्हणजे काय, तर एक वाक्य. कुठल्या तुरुंगात काय झालंच पाहिजे हे त्यात सांगायचं. ऐकायला सोपं आहे. पण आमच्या समितीचा सगळ्यात लाडका शब्द होता "शक्यतो". तपासणी शक्यतो एकांतात करावी. समुपदेशक शक्यतो नेमावा. शक्यतो मधुमेहासारखा असतो, एकदा शिरला की वाक्य आतून पोखरतो. अध्यक्ष निवृत्त अधिकारी होते, सज्जन माणूस. त्यांचं म्हणणं, "मॅडम, शक्यतो काढला की खालचे लोक म्हणतात शक्य नाही. शक्यतो ठेवला तर निदान फाईल पुढे सरकते." हे खरंही होतं, म्हणून तर जास्त राग यायचा.

रोहिदास मला अशाच गप्प माणसांमध्ये सापडला.

तो मूळचा हडपसरचा, शेतकऱ्याघरचा. जमीन बापाच्या हयातीतच विकली गेली होती आणि तिच्यावर उंच इमारत उभी होती. आई-बाप गेल्यावर थोरल्या बहिणीनं, सुमननं, त्याला सांभाळलं. ती बाजारात भाजी विकायची आणि हा तिच्या जुड्या बांधायचा. मग त्याला आवाज ऐकू यायला लागले. इमारतीखाली त्यांची बुजवलेली विहीर होती आणि तिच्यातून कुणीतरी त्याला हाक मारायचं, वर काढ म्हणायचं. एक दिवस तो त्या इमारतीच्या फाटकाशी जाऊन काचेवर दगड मारायला लागला. एक दगड राखणदाराला लागला आणि बिचाऱ्याचं डोकं फुटलं. पुण्यातल्या तुरुंगात जागा नव्हती म्हणून याची रवानगी आमच्याकडे झाली. मी पाहिलं तेव्हा तो कानात कापसाचे बोळे घालून बसला होता. शिपाई म्हणाला, "गरीब आहे, मॅडम."

औषधांना वेळ लागतो. रोज सकाळी आमच्या परिचारकासमोर गोळी गिळायची, तोंड उघडून जीभ वर करून दाखवायची. यात अपमान आहे, मला मान्य आहे. पण ज्या गोळीनं झोप येते ती बराकीत बिडीच्या बदल्यात जाते, त्यामुळे इलाज नव्हता. रोहिदास निमूटपणे जीभ दाखवायचा. काही आठवड्यांनी कापूस निघाला. मग एके दिवशी मला म्हणाला, "मॅडम, ह्या डाळीत मीठच न्हाय." मी इतकी खूश झाले की विचारू नका. डाळीला नावं ठेवणारा माणूस बरा होत असतो.

पुढच्या खेपेला मी त्याला बोलावलं तर शिपाई म्हणाला, "सुटला, मॅडम." सगळ्यांना आनंद झाला होता. मीही आनंद झाल्यासारखं केलं. त्याचं असं होतं की, जामिनाचा आदेश तुरुंगात येतो दिवस कलताना. आदेश आला की माणसाला थांबवून ठेवायचं नाही, आणि तेच बरोबर आहे. पण औषधांच्या कपाटाची किल्ली ज्याच्याकडे, तो दुपारनंतर घरी जायचा. म्हणजे माणूस सुटायचा आणि औषध आतच राहायचं.

आंब्यांचे दिवस आले तेव्हा रोहिदास परत आला. तीच इमारत, तशीच काच, कानात तसाच कापूस. त्या आठवड्यात मुलाखतीच्या शेडबाहेर एक बाई माझी वाट बघत उभी होती. उन्हानं रापलेली, हातात केळ्यांची पिशवी, जी आत नेऊ देत नाहीत हे तिला ठाऊक होतं.

"तुमी डाक्टरीणबाई ना? मी रोहिदासची बहीण. सुमन."

मी म्हटलं, "अहो, बाहेर गेल्यावर त्याला दवाखान्यात का नाही नेलंत?"

"कुठल्या? तो मला सांगतोय व्हय कुठली गोळी ती? पांढरी व्हती म्हनला." मग ती जरा थांबली आणि म्हणाली, "बाई, आत असला की बरा असतो. भायेर आला की बिघडतो. मंग मी काय करू? देवाजवळ काय मागू? त्यो सुटावा म्हनू का सुटू नये म्हनू?"

तिनं केळी माझ्या हातात दिली आणि ती रांगेत जाऊन उभी राहिली.

समितीच्या पुढच्या बैठकीत मी मानक मांडलं. सुटकेच्या वेळी रुग्णाच्या हाती औषधं देण्यात यावीत. अध्यक्षांनी पेन उचलून "शक्यतो" लिहिला. मी म्हटलं, "साहेब, एक बाई देवाजवळ मागतेय की माझा भाऊ तुरुंगातच राहू दे. तिला मी शक्यतो काय सांगू?" अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला आणि शब्द खोडला. सबंध मसुद्यात शक्यतो नसलेलं ते बहुधा एकमेव वाक्य असेल. त्या दिवशी मी घरी चालत गेले. काकांनी "सोडलं का?" विचारलं तेव्हा मी मनापासून हसले. इतकी खूश मी नोकरीत क्वचितच झाले असेन.

प्रयोग आमच्याच तुरुंगात सुरू झाला. उपचार चालू असलेल्या प्रत्येकाचं एक पाकीट. आत पंधरवड्याच्या गोळ्या, वर नाव आणि तुरुंग रुग्णालयाचा ठसठशीत शिक्का. सगळी पाकिटं गेटवरच्या कपाटात. आदेश कधीही येवो, सुटणाऱ्याच्या हातात पाकीट पडणार. अधीक्षक साहेबांनी ते कपाट रंगवून घेतलं आणि आल्यागेल्याला दाखवायला सुरुवात केली. पाकिटं भराभर कमी होत होती, नवी भरली जात होती. मी समितीला तसं कळवलंही.

मग रोहिदासला पुन्हा जामीन झाला. या वेळी मी फाट्यावर एसटीची वाट बघत उभी होते, ऊन उतरलं होतं. तुरुंगाच्या रस्त्यानं सुमन आणि तो येताना दिसले. तो पुढे बघत झपझप चालत होता. सुटलेला कैदी मागे वळून बघत नाही, हे सगळ्यांनाच माहीत असतं. फाट्याजवळ ओढ्यावरची मोरी आहे. तिथे तो थांबला. शर्टाच्या खिशातून पाकीट काढलं आणि कठड्यावरून खाली टाकलं.

मी धावतच गेले. या वयात आणि त्या साडीत. कठड्यावरून वाकून पाहिलं. खाली बाभळीच्या काट्यांत तशी पाकिटं पडलेली होती. नवी, जुनी, पावसानं फुगलेली. सगळ्यांवर तो ठसठशीत शिक्का. भराभर कमी होणारी पाकिटं इथे येत होती.

"रोहिदास, अरे हे काय केलंस?" मी जवळजवळ ओरडलेच.

तो शरमला. "मॅडम, आतलं भायेर न्यायचं नसतं. नेलं की परत यावं लागतं."

"हे कुणी सांगितलं तुला?"

"सगळ्यांस्नी ठावं हाय."

"म्याच म्हनलं टाक," सुमन मध्ये बोलली. "गेल्या टायमाला आतला टावेल घिऊन आला. मला दिसला तवा जाळला, पर उशीर झाला व्हता. आला का न्हाय परत?"

आता बघा. जी बाई भावाच्या औषधाचं गाऱ्हाणं घेऊन माझ्याकडे आली होती, तिनंच ते ओढ्यात टाकायला लावलं होतं, आणि दोन्ही वेळा कारण एकच, भाऊ परत तुरुंगात जाऊ नये. मला तिच्यावर रागावता येईना. मी व्याख्यान सुरू केलं. टॉवेल वेगळा, औषध वेगळं. मेंदूतली रसायनं. ताप, मलेरिया, उदाहरणं. ती शांतपणे ऐकत होती. गिऱ्हाईक उगाच भाव करत असलं की ऐकावं तसं.

शेवटी मी माझ्या पर्समधून त्याच गोळ्यांची एक पट्टी काढली. नमुना म्हणून मिळालेली होती. "ही घ्या. ही आतली नाही, मी देतेय."

सुमननं पट्टीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "बाई, तुमी बी आतल्याच की."

कुणी इतकं खरं बोललं की वाद संपतो. एसटी आली. आम्ही तिघं चढलो. कंडक्टरनं आज विनोद केला नाही. रोहिदास खिडकीशी बसला आणि हडपसरच्या बाजारात कोणती भाजी आली असेल ते बहिणीला विचारू लागला. मी शेजारच्या बाकावर बसून विचार करत होते. या माणसाला आत्ता गोळी मिळाली नाही तर पुन्हा ती इमारत, पुन्हा ती काच, आणि कदाचित या वेळी राखणदार वाचणार नाही. आणि हे सगळं टाळणारं औषध तिकडे बाभळीत पडलं होतं, माझ्याच मानकाप्रमाणे वाटलेलं.

स्वारगेटला उतरलो तेव्हा मी म्हटलं, "सुमन, हे पुणं. इथलं औषध चालेल?"

तिनं विचार केला. "हितलं चालंल."

समोर औषधाचं दुकान होतं. मी साध्या कागदावर नाव, गोळी, सही असं लिहून दिलं. दुकानदारानं गोळ्या दिल्या. पिशवी सुमननं स्वतःच्या हातानं घेतली, भावाला घेऊ दिली नाही. शेजारच्या रसाच्या गुऱ्हाळावर रोहिदासनं गोळी उसाच्या रसाबरोबर घेतली. गोळी गिळल्यावर सवयीनं तोंड उघडून त्यानं मला जीभ वर करून दाखवली. आजूबाजूचे लोक बघायला लागले. मी म्हटलं, "बस, बस. इथे नको दाखवूस." मला एकदम रडू आलं. मी रस सांडल्याचं निमित्त करून पदर डोळ्यांना लावला.

पुढच्या बैठकीत मी पाकिटाचं मानक बदलायला सांगितलं. म्हटलं, औषध कैद्याबरोबर जाता कामा नये. ते त्याच्या आधी घरी पोचलं पाहिजे. उपचार सुरू झाले की मुलाखतीला येणाऱ्या नातेवाइकाला चिठ्ठी द्यावी, साध्या कागदावर, शिक्का न मारता. त्यानं आपल्या भागातल्या दवाखान्यातून औषध आणून घरात ठेवावं. माणूस सुटेल तेव्हा गोळी घरच्या फडताळात, बाहेरची म्हणून, वाट बघत असेल.

"पण मॅडम," अध्यक्ष म्हणाले, "शासनाच्या दस्तऐवजात अंधश्रद्धेला स्थान कसं देता येईल?"

"स्थान नका देऊ, साहेब. रस्त्यात म्हैस बसली तर आपण तिला मान्यता देत नाही. बाजूनं जातो."

ते हसले. मग कुणीतरी विचारलं की ज्यांना मुलाखतीला कुणीच येत नाही, त्यांचं काय? प्रश्न अगदी रास्त होता. आमच्या रुग्णांपैकी पुष्कळांना कुणीच येत नसे. त्यावर बरीच चर्चा झाली, चहा झाला आणि शेवटी वाक्य ठरलं की अशा प्रकरणी संबंधित यंत्रणांशी समन्वय साधावा. सरकारी कामकाज न केलेल्यांसाठी सांगते, हे वाक्य आलं की समजायचं, आता हे कुणीही करणार नाही. नातेवाइकांच्या चिठ्ठीचं मानक मंजूर झालं, पण त्याच्या आधी शक्यतो बसला. या वेळी मी भांडले नाही. थकले होते. अध्यक्षांनी माझ्याकडे दोनदा पाहिलं. मला वाटतं, मी काही म्हणेन म्हणून ते थांबले होते.

मानकं छापून आली. गुळगुळीत कागद, वर उगवत्या सूर्याचं चित्र. काही तुरुंगांत त्यातलं थोडं होतं, काही ठिकाणी पुस्तिका कपाटात असते, रंगवलेल्या. आमच्या तुरुंगात आता नव्या कैद्याला पडद्याआड नेऊन विचारतात, "झोप येते का रे नीट?" एवढं झालं. ज्यांना कुणी नव्हतं, त्यांच्यातले किती जण त्या मोरीवरून पुढे गेले आणि त्यांचं काय झालं, हे मला माहीत नाही. मी विचार करत नाही असं मी सांगते, पण ते खोटं आहे.

निवृत्तीनंतर एकदा भाचीकडे हडपसरला गेले होते. ती म्हणाली, येताना भाजी आण. बाजारात एका पाटीशी थांबले आणि समोर रोहिदास. केस जरा पिकलेले, अंगानं भरलेला, मेथीच्या जुड्या बांधत बसलेला. कान मोकळे. शेजारी तराजू धरून सुमन. औषध चालू आहे हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. बोटांचा किंचित संथपणा मला दुरून कळतो.

माझ्या तोंडून "अरे—" एवढंच निघालं. रोहिदासनं वर पाहिलं. त्यानं मला ओळखलं, यात शंका नाही. त्याचा चेहरा पांढरा पडला आणि हातातली जुडी सुटली. त्याच क्षणी सुमन आमच्या दोघांच्या मध्ये आली, अगदी भिंतीसारखी, आणि कुठल्याही गिऱ्हाइकाला म्हणावं तसं म्हणाली, "काय द्यू, ताई? भेंडी कवळी हाय."

मला आधी लागलं. खोटं कशाला बोलू, फार लागलं. मग कळलं की तिनं बरोबर केलं होतं. तिच्या घरात औषध होतं, भाऊ होता, बाजार होता. आतलं काहीही बाहेर राहिलं नव्हतं, आणि मी तर आतलीच.

"द्या," मी म्हटलं. "कवळी बघून द्या."

तिनं एकेक भेंडी टोक मोडून, निवडून पिशवीत टाकली. पिशवी देताना तिचा हात माझ्या हातावर जरा जास्त वेळ राहिला, पण डोळे वर आले नाहीत. मी पिशवी घेतली आणि चालू लागले. बाजार संपेपर्यंत मी मागे वळून पाहिलं नाही.